न दिसणाऱ्या रक्षकाचे प्रामाण्य

ज्या रक्षकाचे रक्षण आपल्याला कधीच पाहता येत नाही त्याच्यावर विश्वास कोणत्या आधारावर ठेवावा, हा प्रश्न तत्त्वचिंतनाला नवा नाही. परंतु जो प्रश्न एके काळी पाठशाळेतील वादापुरता होता तो आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये येऊन बसला आहे, आणि म्हणून त्याचा विचार पुन्हा एकदा मुळापासून करणे प्राप्त झाले आहे. आपल्या खाजगीपणाचे रक्षण करण्याचे अभिवचन देणारी व्हीपीएन नावाची जी ॲप आज सर्वत्र मिळतात, त्यांपैकी एखाद्याचे मूल्यमापन करण्याचा प्रसंग आला की माणूस सामान्यतः त्याचा वेग पाहतो, किंमत पाहतो, इतरांनी दिलेले तारे मोजतो, आणि पडद्याच्या माथ्यावर किल्लीचे लहानसे चिन्ह उमटले की निश्चिंत होतो. या परीक्षेत वेग, दर आणि लोकप्रियता यांची झाडाझडती होते. पण रक्षक म्हणून ज्या गुणासाठी ते ॲप घेतले, तो विश्वासार्हतेचा गुण मात्र कसोटीवर चढतच नाही. तो कसा चढवावा, आणि चढवल्यावर काय हाती लागते, याचा शोध घेणे हा या निबंधाचा हेतू आहे.

विषयाचे स्वरूप प्रथम स्पष्ट करून घेतले पाहिजे. मोबाइलवरून आपण एखाद्या संकेतस्थळाशी व्यवहार करतो तेव्हा तो सारा व्यवहार आपल्या दूरसंचार कंपनीच्या यंत्रणेतून जातो. आज बहुतेक संकेतस्थळांशी होणारा संवाद मुळातच कूटबद्ध असल्यामुळे त्यातील मजकूर कंपनीला वाचता येत नाही; तथापि आपण कोठे गेलो, केव्हा गेलो, किती वेळ रमलो आणि किती मजकुराची ने-आण केली, एवढे तिला सामान्यतः कळू शकते, आणि पलीकडच्या संकेतस्थळाला आपला आयपी पत्ता दिसतो. व्हीपीएन ॲप हा व्यवहार मोबाइलमध्येच पुन्हा कूटबद्ध करून आपल्या चालकाच्या सर्व्हरकडे पाठवते, आणि तो सर्व्हर स्वतःच्या पत्त्यावरून तो पुढे रवाना करतो. परिणामी दूरसंचार कंपनीला एका सर्व्हरशी चाललेला दुर्बोध प्रवाह तेवढा दिसतो, आणि संकेतस्थळाला त्या सर्व्हरचा पत्ता. परंतु जे ज्ञान कंपनीच्या दफ्तरातून निसटले ते नाहीसे झालेले नसते. ते सर्व्हरच्या चालकाकडे तबदील झालेले असते. २०११ साली आलेल्या अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीपासून कोणत्याही ॲपला ही मुखत्यारी मागण्याची सोय आहे. वापरणाऱ्याने संमतीच्या चौकटीवर एकदा बोट टेकवले की मोबाइलमधून बाहेर जाणारा आणि बाहेरून आत येणारा यच्चयावत प्रवाह त्या एका ॲपच्या हातून जाऊ शकतो. इतका सर्वंकष अधिकार आपण आपल्या वकिलालाही देत नाही. म्हणून व्हीपीएनमुळे विश्वासाची गरज उरत नाही ही समजूत मुळातच सदोष आहे. विश्वासाची गरज तशीच राहते, फक्त तो कोणावर ठेवायचा ते बदलते.

आता या नव्या विश्वस्ताची परीक्षा कोणत्या प्रमाणाने करावी? प्रत्यक्ष प्रमाण येथे फार थोडे सांगते. किल्लीचे चिन्ह उमटवते ती मोबाइलची कार्यप्रणाली. त्यावरून एवढेच सिद्ध होते की एका ॲपने वाहतुकीचा ताबा घेतला आहे. ते ॲप वाहतूक खरोखर कूटबद्ध करते की नाही, ती कोणाच्या सर्व्हरवर नेते, आणि तेथे तिचे काय होते, यांविषयी चिन्ह मौन पाळते. नैयायिकांनी ज्ञानाचे प्रामाण्य परतः मानले, म्हणजे एखादे ज्ञान खरे आहे हे त्या ज्ञानाच्या बाहेरील कसोटीने ठरते असा सिद्धान्त मांडला, आणि त्या कसोट्यांत प्रवृत्तिसामर्थ्याला, म्हणजे त्या ज्ञानाला अनुसरून केलेली कृती फलद्रूप होण्याला, मोठे स्थान दिले. संसारातील बहुतेक वस्तूंची पारख आपण याच न्यायाने करतो आणि बहुधा फसत नाही. गोपनीयतेच्या बाबतीत मात्र ही कसोटी पांगळी पडते. कारण आपली नोंद कोणी ठेवलीच नाही ही अवस्था, आणि नोंद ठेवून ती परस्पर विकली ही अवस्था, या दोहोंत वापरणाऱ्याचा अनुभव तंतोतंत एकच असतो. तेच पान उघडते, त्याच वेगाने उघडते, तीच किल्ली दिसत राहते. विश्वासघाताचे फळ भोगावे लागलेच तर ते पुष्कळ काळाने आणि दुसऱ्याच वाटेने येते, आणि तेव्हा कार्याचा कारणाशी सांधा जुळवणे जवळजवळ अशक्य असते.

याहूनही खोल अडचण अशी की गोपनीयता ही भावरूप वस्तूच नाही. गळती नसणे, नोंद नसणे, पाळत नसणे, अशा अभावांची ती बनलेली आहे. आणि अभावाचे ज्ञान कसे होते, हा भारतीय प्रमाणशास्त्रातील अत्यंत सूक्ष्म वाद आहे. भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी त्यासाठी अनुपलब्धि हे स्वतंत्र प्रमाण मानले. परंतु ते मानताना योग्यतेची अट घातली. जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिचेच न दिसणे तिच्या नसण्याला प्रमाण होते. उजेड असलेल्या खोलीत जमिनीवर घट दिसला नाही तर घट नाही असे खुशाल म्हणावे. अंधाऱ्या खोलीत घट न दिसल्याने काहीच सिद्ध होत नाही. व्हीपीएन वापरणाऱ्या सामान्य माणसाची अनुपलब्धि ही अंधारातली आहे. ‘कैक वर्षे वापरतो आहे, कधी काही झाले नाही’ ही साक्ष पूर्णपणे प्रामाणिक असूनही प्रमाण नाही, कारण जे झाले असते ते साक्षीदाराला दिसण्याजोगे नव्हते. हजारो माणसांनी तीच साक्ष दिली तरी तिचे मोल वाढत नाही. अयोग्य अनुपलब्धीची बेरीज अयोग्यच राहते.

तेव्हा परीक्षकाचे पहिले कर्तव्य उजेड आणणे हे ठरते. असा एक प्रयत्न २०१६ साली प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ ही संशोधनसंस्था, न्यू साउथ वेल्स विद्यापीठ आणि अमेरिकेतील बर्कली येथील संशोधकांनी मिळून अँड्रॉइडवरील २८३ व्हीपीएन ॲप तपासली. त्यांची अंतर्रचना उलगडून पाहिली आणि मोबाइलमधून निघणारा प्रवाह प्रत्यक्ष पकडून न्याहाळला. १८ टक्के ॲप वाहतूक कूटबद्ध न करताच पुढे पाठवत होती. ८४ टक्क्यांत नव्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही६ पत्त्यांची वाहतूक, आणि ६६ टक्क्यांत डीएनएसची, म्हणजे आपण कोणत्या संकेतस्थळाचे नाव पुकारले त्याची विचारणा, सुरक्षित मार्गाच्या बाहेरूनच जात होती. ७५ टक्के ॲपमध्ये तिऱ्हाईत कंपन्यांचे माग काढणारे भाग बसवलेले होते, आणि ३८ टक्क्यांत घातक संगणकीय अंशाच्या खुणा आढळल्या. खाजगीपणाचे रक्षण करतो म्हणून सांगणाऱ्यांची ही अवस्था. आणि तरीही वापरणाऱ्यांच्या अभिप्रायांत सुरक्षेविषयीची शंका फारच थोड्यांनी व्यक्त केली होती. अंधारातील अनुपलब्धि लाखो लोकांना एकाच वेळी कशी चकवते, याचे इतके स्वच्छ उदाहरण शास्त्रग्रंथांतही मिळणे कठीण.

परंतु हा उजेडही मोबाइलच्या उंबरठ्यापर्यंतच पोहोचतो. सर्व्हरवर काय घडते ते बाहेरच्या कोणाला पाहता येत नाही, आणि तेथे शब्दप्रमाणावाचून गती नाही. शब्द प्रमाण केव्हा होतो? न्यायदर्शनाचे उत्तर असे, की तो आप्ताचा असेल तेव्हा. आणि भाष्यकार वात्स्यायनांनी आप्ताचे लक्षण सांगताना त्याला वस्तूचे साक्षात् ज्ञान असणे आणि ते जसे आहे तसेच दुसऱ्याला सांगण्याची त्याची इच्छा असणे, या दोन गोष्टींवर भर दिला. विशेष हे की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे असे त्यांनी स्पष्टपणे नोंदवले. आजच्या संदर्भात या औदार्याचा अर्थ मोठा आहे. अमुक कंपनी स्वदेशी म्हणून विश्वसनीय, तमुक परदेशी म्हणून संशयास्पद, असा सोपा निवाडा हे लक्षण मान्य करत नाही. ते प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारते. जे सांगता आहात ते तुम्हांला खरोखर ठाऊक आहे काय? आणि ते जसेच्या तसे सांगण्यात तुमच्या स्वार्थाचा अडसर नाही ना?

दुसऱ्या प्रश्नापाशी अनेक जण नापास होतात. ओनाव्हो या इस्रायली कंपनीला फेसबुकने २०१३ साली विकत घेतले आणि तिचे ‘ओनाव्हो प्रोटेक्ट’ हे ॲप लोकांच्या माहितीचे रक्षण करणारे म्हणून वितरित केले. त्या ॲपमधून जाणाऱ्या वाहतुकीवरून लोक कोणती प्रतिस्पर्धी ॲप किती वापरतात हे फेसबुकला कळत होते. अशी माहिती धंद्याच्या धोरणासाठी वापरली जात होती, हे २०१८ च्या डिसेंबरात ब्रिटिश संसदेच्या समितीने प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांतून जगापुढे आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ॲपलच्या नियमांशी विसंगत ठरल्याने ते ॲप तिच्या दुकानातून काढून घ्यावे लागले होते. पुढे २०२३ च्या जुलैमध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोठावला, कारण रक्षणाच्या नावाने गोळा केलेली माहिती व्यापारासाठी वापरली जाईल हे ग्राहकांना पुरेसे स्पष्ट करून सांगितले गेले नव्हते. येथे ज्ञानाचा अभाव नव्हता, कौशल्याचाही नव्हता. यथादृष्ट सांगण्याच्या इच्छेचा होता. रक्षण करणारा आणि रक्षित वस्तूवर उपजीविका करणारा एकच असेल, तर त्याचे रक्षण कितीही निपुण असले तरी त्याचा शब्द आप्तवाक्य होत नाही. मोफत मिळणाऱ्या प्रत्येक रक्षकाला म्हणूनच, तुझा चरितार्थ कशावर चालतो, हे अगत्याने विचारले पाहिजे. उत्तर प्रामाणिक असूही शकते; पण ते दिलेले असले पाहिजे.

काहींचा दोष इच्छेपेक्षा वचन आणि आचार यांच्या अंतरात दिसतो. २०१७ साली अमेरिकेतील एका छळाच्या खटल्यात दाखल झालेल्या तपासाच्या शपथपत्रावरून असे उघड झाले की वापरणाऱ्यांच्या हालचालींच्या नोंदी ठेवत नाही असे जाहीर करणाऱ्या प्युअरव्हीपीएनकडील जोडणीच्या नोंदी तपासाला उपयोगी पडल्या होत्या. आरोपीचे कृत्य निंद्य होते आणि त्याला शासन होणे न्याय्यच होते. तरी जाहीर वचनाचा जो अर्थ सामान्य ग्राहक घेतो आणि कंपनीच्या दफ्तरात जे असते, त्यांत किती अंतर पडू शकते ते त्या शपथपत्राने दाखवून दिले, आणि अपराधी पकडला गेला म्हणून ते अंतर भरून निघत नाही. २०२० च्या जुलैमध्ये हाँगकाँगशी संबंधित यूएफओ व्हीपीएन आणि तिच्या भावंडासारख्या काही सेवांच्या नोंदी इंटरनेटवर उघड्या पडलेल्या सापडल्या. त्या सेवाही नोंदी ठेवत नसल्याचे सांगत होत्या. म्हणजे ज्या नोंदी अस्तित्वातच नसायला हव्या होत्या, त्या होत्या, आणि त्यांना पुरेसा बंदोबस्तही नव्हता.

मनुष्याच्या शब्दाची ही गत पाहिल्यावर मनुष्यच वजा करता येईल काय, असा विचार सुचणे स्वाभाविक आहे. आणि मीमांसकांनी तो फार पूर्वी केला होता. शब्दात दोष शिरतो तो वक्त्याच्या द्वारे, म्हणून ज्याला वक्ताच नाही तो शब्द निर्दोष, या युक्तिवादावर त्यांनी वेदांच्या अपौरुषेयत्वाची इमारत उभी केली. त्या सिद्धान्ताचे धार्मिक फलित मान्य असो वा नसो, त्यामागची आकांक्षा आधुनिक कूटशास्त्रात निराळ्या रूपाने अवतरली आहे. १८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषापंडिताने सैनिकी कूटलेखनावरील निबंधात असे तत्त्व मांडले की पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी हानी होऊ नये. गुप्तता केवळ किल्लीत असावी. वायरगार्ड ही नव्या पिढीची पद्धती या तत्त्वाचे उत्तम उदाहरण आहे. तिची संहिता खुली आहे, सुमारे चार हजार ओळींत मावेल इतकी आटोपशीर आहे, आणि २०२० साली ती लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. आटोपशीरपणा हा येथे केवळ सौंदर्याचा गुण नाही. जी संहिता एका अभ्यासकाला आद्यंत वाचता येते, तिच्याविषयी कोणाच्या शब्दावर विसंबण्याची गरज तेवढ्या प्रमाणात कमी होते. तरीही मनुष्य पूर्णपणे वजा होत नाही. खुली संहिता वाचली, पण सर्व्हरवर तीच चालते आहे हे कोणी पाहिले? त्रयस्थ तज्ज्ञांकडून केलेले परीक्षण बहुमोल असते, परंतु ते त्या दिवसापुरते आणि त्यांना दाखवलेल्या भागापुरते असते. फिनलंडमधील भाड्याच्या जागेत असलेल्या नॉर्डव्हीपीएनच्या एका सर्व्हरमध्ये २०१८ च्या मार्चात परका शिरला, आणि ही गोष्ट ग्राहकांना कळली ती २०१९ च्या ऑक्टोबरात. गणित निर्दोष असले तरी ते गणित चालवणारे यंत्र कोणाच्या तरी खोलीत असते, आणि त्या खोलीचे दार कोणीतरी सांभाळत असतो.

येथे रचनेचा, म्हणजे ज्याला लोक ॲपचे डिझाइन म्हणतात त्याचा, नैतिक आशय लक्षात घेतला पाहिजे. रचना म्हणजे रंग आणि बटणांची मांडणी असे समजणाऱ्याला ती सत्याशी निगडित आहे हे जाणवत नाही. मार्ग अकस्मात तुटला तर ॲप काय करते? ते निमूटपणे सारी वाहतूक उघड्यावर सोडते, की मार्ग पुन्हा जुळेपर्यंत ती रोखून धरते आणि तसे सांगते? अँड्रॉइडमध्ये व्हीपीएन सदैव चालू ठेवण्याची आणि त्यावाचून जाणारी वाहतूक अडवण्याची सोय आहे. चांगले ॲप वापरणाऱ्याला तेथपर्यंत हात धरून नेते, सामान्य ॲप तिचा उल्लेखही करत नाही. २०२० च्या मार्चमध्ये प्रोटॉन या संस्थेने असे जाहीर केले की आयफोनच्या कार्यप्रणालीत व्हीपीएन सुरू होण्यापूर्वी उघडलेल्या जोडण्या बंद होत नाहीत आणि त्यांपैकी काही सुरक्षित मार्गाच्या बाहेर चालू राहतात. प्रोटॉन स्वतः व्हीपीएन विकते. आपल्याच मालातील उणीव, ती दुसऱ्याच्या प्रणालीमुळे आलेली असली तरी, ग्राहकापुढे ठेवण्यात धंद्याचा तोटा संभवत होता. यथादृष्ट सांगण्याची इच्छा म्हणतात ती हीच. उलट ज्या ॲपचा पडदा मोठ्या हिरव्या अक्षरांत ‘तुम्ही पूर्णतः सुरक्षित आहात’ असे घोषित करतो, ते शब्दशः असत्य बोलते. कारण वापरणारा स्वतःच्या नावाने ज्या खात्यांत शिरला आहे, त्याने इतर ॲपना ज्या परवानग्या देऊन ठेवल्या आहेत, त्यांपैकी काहीही व्हीपीएन झाकू शकत नाही. भीती वाढवून माल खपवणारी आणि मर्यादा लहान अक्षरांत दडवणारी रचना हा सौंदर्याचा दोष नाही. तो सत्यव्रताचा भंग आहे.

मग विश्वासाला अखेर अधिष्ठान कोणते? माझ्या मते त्याचे उत्तर प्रमाणशास्त्राच्या पलीकडे, आचारशास्त्रात सापडते, आणि ते अपरिग्रह हे आहे. योगदर्शनातील पाच यमांत आणि जैनांच्या पाच महाव्रतांत अपरिग्रह शेवटी येतो, आणि आपण त्याला बहुधा संन्याशाचा अलंकार समजून बाजूला ठेवतो. वास्तविक विश्वस्ताच्या दृष्टीने तो सर्व व्रतांचा जामीन आहे. ज्याने वचन दिले त्याचे मन उद्या पालटू शकते, त्याची कंपनी विकली जाऊ शकते, त्याच्यावर जुलूम होऊ शकतो, त्याच्या घरी चोरी होऊ शकते. परंतु ज्याने मुळात काही साठवलेच नाही, त्याच्यापाशी विकण्याजोगे, हिरावण्याजोगे किंवा चोरण्याजोगे काही नसते. २०१६ च्या डिसेंबरात तुर्कस्तानात रशियाचे राजदूत आंद्रेई कार्लोव्ह यांची हत्या झाली, आणि तिच्या तपासात तेथील अधिकाऱ्यांनी एक्स्प्रेसव्हीपीएनचा एक सर्व्हर जप्त केला. त्यांना हव्या त्या नोंदी त्यावर मिळाल्या नाहीत. १८ एप्रिल २०२३ रोजी स्वीडनच्या पोलिसांनी झडतीचे वॉरंट घेऊन गोथेनबर्ग येथील मुलवाद या व्हीपीएन कंपनीच्या कचेरीत प्रवेश केला. ग्राहकांची जी माहिती न्यायची ती येथे अस्तित्वातच नाही हे समजल्यावर ते काहीही न नेता परतले. ही कंपनी ग्राहकाचे नाव विचारत नाही, ईमेल विचारत नाही. एक क्रमांक देते, आणि टपालाने पाठवलेली रोकडही स्वीकारते. या प्रसंगांचे प्रमाणशास्त्रीय मोल असाधारण आहे. जप्ती आणि झडती यांमुळे क्षणभर सर्व्हरच्या खोलीत उजेड पडला, आणि त्या उजेडातील अनुपलब्धि ही योग्य अनुपलब्धि होती. परंतु प्रत्येक रक्षकाच्या घरावर धाड पडेल अशी वाट पाहता येत नाही; म्हणून विवेकी माणसाने धाडीपूर्वीच विचारावे, की या ॲपला माझ्याविषयी जे जाणण्याची गरज नाही ते जाणण्याची सोय त्याने स्वतःला ठेवली आहे काय?

अपरिग्रहाचा राजसत्तेशी विरोध येतो तेथे प्रश्न अधिक बिकट होतो. भारत सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनी व्हीपीएन पुरवणाऱ्यांवर ग्राहकांची नावे, पत्ते, संपर्क, त्यांना दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचा हेतू, ही माहिती पाच वर्षे जतन करण्याचे बंधन घातले. त्या वर्षाच्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉन अशा कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. शासनाची बाजू पोकळ नाही. गुन्ह्याचा माग काढता येणे हे प्रजेच्या संरक्षणाचेच अंग आहे, आणि कूटबद्ध मार्गाचा आश्रय खंडणीखोरही घेतो. परंतु शंभर जणांच्या अपराधासाठी सर्वांची नोंद आगाऊ ठेवणे आणि संशयिताची चौकशी न्यायालयाच्या परवान्याने करणे, यांत जो भेद आहे तो आपल्या न्यायपरंपरेला अपरिचित नाही. खडकसिंग खटल्यात १९६२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी रात्री घरी येऊन दार ठोठावण्याची तरतूद रद्द केली, मात्र खाजगीपणाचा मूलभूत हक्क नाकारला. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात तो हक्क व्यक्तिस्वातंत्र्याचा अंश मानला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो हक्क एकमुखाने मान्य केला, आणि त्यावरील बंधन कायदेशीर, आवश्यक आणि प्रमाणशीर असले पाहिजे अशी दिशा दाखवली. सर्वांची पाच वर्षांची नोंद या कसोटीला उतरते असे मला वाटत नाही. कारण साठवण्याची सक्ती ही विश्वस्ताला परिग्रही होण्याची सक्ती आहे, आणि परिग्रह एकदा झाला की त्याचा उपयोग कोण करील हे सक्ती करणाऱ्याच्याही हाती राहत नाही.

शेवटी एक आक्षेप उरतो, आणि तो धर्मबुद्धीच्या माणसाकडून येतो म्हणून त्याचे उत्तर धर्मबुद्धीनेच दिले पाहिजे. सज्जनाला लपवण्याजोगे काय असते? परमेश्वर तर सर्वसाक्षी आहे. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातील एका सूक्तात वरुण हा राजा दोघांच्या गुजगोष्टींतही तिसरा म्हणून उपस्थित असल्याचे वर्णिले आहे, आणि त्याचे हेर सर्वत्र पाहतात असे म्हटले आहे. ज्याने आपले सारे जीवन त्या दृष्टीसमोर उघडे मानले, त्याने कंपनीच्या दृष्टीला का भ्यावे? या आक्षेपात एक भ्रम आहे. सर्वसाक्षी परमेश्वराच्या दृष्टीत स्वार्थ नसतो. ती दृष्टी पाहिलेल्यातून काही कमवत नाही, पाहिलेले तिसऱ्याला देत नाही, आणि पूर्ण जाणत असल्यामुळे अर्धवट जाणून निवाडाही करत नाही. मध्यस्थाच्या दृष्टीला यांपैकी एकही गुण नसतो: तो तुकड्यांवरून माणूस रचतो आणि त्या रचलेल्या माणसाला बाजारात मांडतो. ईश्वरी साक्षित्वाचा अधिकार अशा दृष्टीला बहाल करणे ही श्रद्धा नव्हे, ते श्रद्धेचे अपात्री दान आहे. शिवाय ज्या धर्मपरंपरांनी ईश्वराला सर्वसाक्षी मानले, त्यांनीच साधकाला एकान्ताचा उपदेश केला; तुकोबांनी भंडाऱ्याचा डोंगर जवळ केला तो काही लपवण्यासाठी नव्हे, तर लोकांच्या नजरेचा भार उतरल्यावाचून चित्त स्वतःला ओळखत नाही म्हणून. शंका विचारण्याचा, आजाराविषयी चाचपडण्याचा, न पटलेल्या मताचा अभ्यास करण्याचा एकान्त आज पुष्कळदा मोबाइलच्या पडद्यावरच मिळतो. तो कोणाच्या तरी वहीत नोंदला जातो आहे अशी जाणीव झाली, की माणूस शंका विचारण्याचेच टाळतो, आणि मनाची वाढ तेवढ्यापुरती खुंटते.

तेव्हा व्हीपीएन ॲपच्या मूल्यमापनाचा प्रश्न, ते किती विश्वास मिळवते, असा न विचारता, ते किती थोड्या विश्वासावर भागवते, असा विचारला पाहिजे. जे मोबाइलवर तपासता येते ते त्याने तपासू दिले आहे काय. जे गणितावर सोपवता येते ते माणसाच्या वचनावर लटकत तर ठेवलेले नाही ना. जे साठवण्याचे कारण नाही ते साठवण्याची वाट त्याने स्वतःलाच बंद केली आहे काय. आणि हे सारे वजा जाता, ज्यासाठी त्याच्या शब्दावाचून दुसरा आधार नाही असा जो अंश उरतो, तो त्याने आपल्या ग्राहकाला स्वच्छ सांगितला आहे काय? तो अंश शून्य कधीच होणार नाही. मनुष्यामनुष्यांच्या व्यवहारात तो शून्य व्हावा अशी इच्छाही करू नये. कारण जबाबदार धरता येईल असा कोणीतरी त्या अंशापाशी उभा असतो. पण उरलेला अंश लहान असावा, नावानिशी माहीत असावा, आणि विश्वास परत घ्यावासा वाटला तर घेता यावा, एवढे मागण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. जे ॲप तो अंश चकचकीत पडद्याआड दडवते, ते कितीही जलद, कितीही सुबक आणि कितीही स्वस्त असले तरी रक्षक म्हणून अयोग्य. आणि जे आपल्या पहिल्याच पडद्यावर, ‘येथवर तुम्ही तपासू शकता, येथून पुढे आमच्यावर विसंबता आहात’ असे सांगते, त्याचे चालक कोणत्याही देशाचे असोत, त्या सांगण्यापुरते तरी ते आप्त होत.